गुरुवारचे विजय

रविवारच्या फुटबॉल सामन्यासाठी दहा नावं रादिम विकिदालने मंगळवारीच लिहून टाकली होती. अकरावं काही केल्या कागदावर उतरेना. जागा मधल्या फळीतली, शर्ट आठ नंबरचा, आणि त्या जागेला माणसं दोनच. एक हिनेक कोउत्नी, वय सव्वीस, घरांची छपरं घालणारा. दुसरा खुद्द रादिम, वय एकोणचाळीस, पोदलेसित्से गावच्या संघाचा ट्रेनर.

ट्रेनरने स्वतःही मैदानात उतरायचं, ही आमच्याकडच्या खालच्या लीगमधली जुनी रीत. मोठ्या लीगमधून गुडघे झिजवून परत आलेला माणूस गावाला एका पगारात दोन कामांना मिळतो. गाव खूश, माणूसही खूश. गोची एवढीच, की ट्रेनरचं मुख्य काम म्हणजे कोणाला बाकावर बसवायचं ते ठरवणं, आणि स्वतःलाच बसवणारा ट्रेनर निदान आमच्या जिल्ह्यात तरी कोणी पाहिलेला नव्हता.

बरं, रविवारही साधासुधा नव्हता. मोसमातला शेवटचा सामना, होर्का गावाशी. बरोबरी झाली तरी पोदलेसित्से डिव्हिजनमध्ये टिकणार, हरले की खाली. आणि गेल्या खेपेला खाली गेलेल्या संघाला वर यायला अकरा वर्षं लागली होती, हे गावातली शाळकरी पोरंसुद्धा सांगतील.

बुधवारी संध्याकाळी रादिम आणि त्याचा मदतनीस बोहौश मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होते. बोहौश एकसष्ट वर्षांचा, निवृत्त पोस्टमन, गावातल्या प्रत्येक घराची बातमी त्याला अजूनही टपालासारखी घरपोच मिळायची.

"अकरावा कोण?" त्याने विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे तू."

"बघू म्हणजे बघू."

बोहौशने चुन्याची गाडी थांबवली. "रविवारी हिनेक बाकावर बसला, तर पुढच्या मोसमात तो ब्रेझिनीच्या संघाकडून खेळणार. त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलंय."

"जाऊ दे की."

"जाऊ दे काय जाऊ दे? नवा कुठून आणशील, बाजारातून?"

रादिम थोडा वेळ रेघेकडे बघत राहिला. रेघ चांगली सरळ आली होती. "बोहौश, एक खरं सांग. मी संपलोय का?"

"ते मी कसं सांगू? ट्रेनर तू आहेस."

"आणि तू मदतनीस आहेस."

"मदत मागशील तर करीन बाबा. खरं बोलायला सांगणार असशील तर मला घरी कामं पडलीयत," असं म्हणून बोहौशने गाडी पुढे ढकलली.

खरं तर आपल्याला उत्तर ठाऊक आहे असं रादिमला वाटत होतं. त्याच्याजवळ पुरावा होता. पुरावा म्हणजे गुरुवार.

दर गुरुवारी सरावाच्या शेवटी संघ नोहेयबाल खेळायचा. कमरेएवढी जाळी बांधायची, दोन्हीकडे तीन-तीन माणसं, आणि चेंडू पायाने नाहीतर डोक्याने जाळीपलीकडे मारायचा. हा खेळ आमच्या रक्तातच आहे. चार माणसं आणि एक दोरी मिळाली की झालं. यात फार पळावं लागत नाही हे खरं, पण नजर, पाऊल, वेळ साधणं, सगळं उघडं पडतं. कोणाचा पाय सुस्तावलाय, कोणाचं डोकं जागेवर नाही, हे ट्रेनरला गुरुवारी अर्ध्या तासात कळतं, असं रादिम सगळ्यांना सांगायचा. आणि तीन वर्षांत गुरुवारी तो क्वचितच हरला होता.

याही गुरुवारी जिंकला. अकरा-सात. जाळीपलीकडे हिनेक होता, आणि शेवटचा गुण तर रादिमने त्याच्याच पायांमधून काढला. लांबलचक हातापायांचा हिनेक वाकला, चेंडू सुटला, आणि तो हसून म्हणाला, "तुमच्यापुढे काय चालणार, ट्रेनर?" चाळीस वर्षांचा गोलकीपर लोयझा, जो रादिमबरोबर शाळेत होता आणि त्याला कधी ट्रेनर म्हणाला नव्हता, तो शेजारी उभा राहून मोजे काढत होता.

रादिम घरी गेला, जेवला आणि अकरावं नाव लिहिलं. विकिदाल.

पण लिहिल्यावर त्याला चैन पडेना. आपल्याला पहिल्यांदा वगळलं होतं तो दिवस त्याला आठवला. पहिल्या लीगमध्ये नऊ वर्षं, दोनशे चौदा सामने, राष्ट्रीय संघाकडून एकदा अकरा मिनिटं, इतकं सगळं करून एका सकाळी ड्रेसिंगरूमच्या दारावरच्या कागदात त्याचं नाव नव्हतं. कागद वाचायला त्याच्यामागे आणखी चार जण उभे होते. ट्रेनर आपल्या खोलीत दार लावून बसला होता. गुडघ्याचं दुखणं पुढे ऑस्ट्रियातल्या खेड्यांत शनिवार-रविवार खेळताना सोसलं त्याने, पण तो कागद त्याच्या मनातून गेला नाही. आपण ट्रेनर झालो तर ज्याला बसवायचं त्याच्या तोंडावर सांगायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. आणि त्याने ते पाळलंही होतं.

म्हणून शुक्रवारी सहाच्या सुमाराला तो हिनेकला सांगायला निघाला. हिनेक गावच्या आग विझवणाऱ्या बंबवाल्या स्वयंसेवकांत होता आणि शुक्रवारी बंबखान्यातच सापडायचा. जूनचं ऊन अजून चांगलं वर होतं. बंबखान्याच्या मागच्या आवारातून आरडाओरडा ऐकू येत होता, चेंडूचे आवाज येत होते. कुंपणाला डोक्याएवढी उंच झुडपं, त्यांच्या फटीतून रादिमने आत बघितलं.

दोन खांबांना बंबाचा जुना पाइप बांधलेला, आणि दोन्ही बाजूंना त्याचीच माणसं. नोहेयबालच चालला होता. पण हा खेळ त्याने कधी पाहिलेलाच नव्हता. चेंडू जमिनीला टेकतोय न टेकतोय तोच परत जात होता. लोयझा, जो गुरुवारी पाय उचलताना कण्हायचा, तो पाठमोरा वळून टाचेने मारत होता. आणि हिनेक तर काय सांगावं, जिथे चेंडू पडणार तिथे तो आधीच जाऊन उभा असायचा, आणि इतक्या निवांतपणे, की जणू चेंडूच उशिरा आलाय. गुरुवारी त्याच्या पायांमधून गेला होता तसाच एक चेंडू आला. हिनेकने गुडघा जराही न वाकवता तो पायाच्या बाहेरच्या बाजूने उचलून पाइपच्या अगदी पलीकडे ठेवला.

"हा असा घ्यायचा असतो होय," लोयझा ओरडला. "मग काल काय झालं होतं?"

"काल गुरुवार होता," हिनेक म्हणाला, आणि सगळे हसले.

रादिम तिथेच उभा राहिला आणि एक एक गुरुवार त्याला आठवू लागला. आपला चेंडू हातभर बाहेर पडायचा तेव्हा "रेघेवर, रेघेवर" म्हणणारा बचावफळीतला तो पोरगा. आपण जिंकल्यावर मान हलवणारा हिनेक. माणसांनी किती सांभाळून, किती प्रेमाने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. आणि का? तो ट्रेनर होता म्हणून. संघ लिहिणाऱ्याला कोण हरवणार? मग संघ लिहिणारा गुरुवार बघून रविवारी स्वतःचं नाव लिहीत होता. हे चक्र तीन वर्षं फिरत होतं, आणि त्याच्या मध्यभागी तो एकटाच शहाणा बसला होता. त्याला लाज वाटली, अशी लाज की कान तापले.

त्याने फाटक ढकललं, ते वाजलं तसा खेळ थांबला. हिनेकने चेंडू पायाखाली दाबला.

"ट्रेनर, या ना. आम्ही आपलं जरा..." तो म्हणाला.

"दिसलं मला," रादिम म्हणाला. "किती दिवस चाललंय हे?"

सगळ्यांनी लोयझाकडे बघितलं. शेवटी लोयझाच म्हणाला, "पहिल्या वर्षी तू खरोखर जिंकायचास, रादिम. देवाशपथ."

हे ऐकून जास्तच लागलं. रादिम हिनेककडे वळला. त्याला सांगायला आणलेलं वाक्य तोंडात तयार होतं, ते त्याने गिळलं. "रविवारी आठ नंबर तू," एवढंच म्हणाला आणि निघाला.

घरी ब्लांका, त्याची बायको, अंगणात कपडे काढत होती. "तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं. काय, ते तिला विचारावं लागलं नाही.

"पोदलेसित्सेत सगळ्यांनाच ठाऊक होतं."

"मग सांगितलं नाहीस?"

तिने चादरीची घडी घातली. "गुरुवारी तू शिट्टी वाजवत घरी यायचास. आठवड्यातून एकच दिवस. मी कशाला सांगू?"

रविवारी सकाळी सव्वादहाला सामना सुरू झाला. कठड्याला टेकून अडीचशे माणसं उभी होती, एका हातात बिअर आणि दुसऱ्या हातात मोहरी लावलेली क्लोबासा, म्हणजे आमच्याकडचं भाजलेलं सॉसेज. संघ जाहीर झाला तेव्हा कठड्यावर कुजबुज झाली. विकिदाल बाकावर? ही काय थट्टा आहे? रादिमने मात्र एक पळवाट ठेवलीच होती. राखीव खेळाडूंत त्याचं नाव होतं आणि पायात बूट होते. कोणाला लागलं, कोणाचा पाय मुरगळला तर, असं त्याने बोहौशला सांगितलं. बोहौशने मान डोलावली आणि बुटांकडे बघितलं.

हिनेक वाईट खेळला. वाईट म्हणजे, दोन वर्षं बाकावर बसलेल्या माणसानेही खेळू नये इतका वाईट. साधे पास चुकत होते. आणि प्रत्येक चुकीनंतर तो मान वळवून बाकाकडे बघत होता. पंचविसाव्या मिनिटाला त्याच्याच पायातून चेंडू गेला आणि होर्काने गोल केला. कठड्यावरच्या जाणकारांना तेवढंच हवं होतं. आधी एक जण, मग दहा, मग सगळा कठडा: "वि-कि-दाल, वि-कि-दाल."

आता खोटं कशाला बोला, रादिमला ते गोड वाटलं. ऊर भरून आला. गावाला तो हवा होता. चाळिसाव्या मिनिटाला तो उठला आणि रेघेबाहेर पळत अंग गरम करू लागला. टाळ्या पडल्या. पळता पळता त्याने सवयीने मैदानात बघितलं, आणि ट्रेनरांच्या वर्गात शिकवलेली गोष्ट त्याला आठवली, की चेंडूकडे बघू नका, चेंडू नसलेल्या माणसाकडे बघा. त्याने हिनेककडे बघितलं. हिनेककडे चेंडू नव्हता, आणि तो खेळच बघत नव्हता. तो रादिमला पळताना बघत होता. खांदे पार पडले होते त्याचे. हे पोरगं खेळत नाहीय, रादिमच्या ध्यानात आलं. हे आपली वाट बघतंय. मी कधी येतो आणि ह्याला कधी बाहेर काढतो, एवढंच ह्याच्या डोक्यात आहे. दोन वर्षं मी ह्याच्या पुढ्यात उभा होतो, आणि आज ह्याच्या मानगुटीवर बसलोय.

मध्यंतराला सगळे आत आले. लिंबू घातलेल्या चहाची किटली फिरली. हिनेकने शर्ट अर्धा वर ओढला होता, काढून देण्याच्या तयारीत.

"उठ," बोहौश रादिमच्या कानाशी म्हणाला. "लोक काय म्हणतायत ऐकतोयस ना? टिकायचंय आपल्याला."

रादिम बाकड्यावर बसला आणि त्याने बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग लोयझाचा कप तोंडाशी थांबला. रादिमने दोन्ही बूट काढले, मोजे काढले, ते बुटांत कोंबले आणि बाकड्याखालच्या सपाता पायांत सरकवल्या. न्हाणीत घालतो त्या, निळ्या रबराच्या.

"डावीकडून चढू नका, तिकडे त्यांचे दोघे आहेत," तो म्हणाला. "मधून जा. हिनेक, शर्ट खाली कर."

"पण ट्रेनर, मला..."

"तुला दहा चुका करायच्यात तर कर. तुझ्या मागे कोणी नाहीय आता. बघ पाहिजे तर," आणि त्याने सपातेतला पाय पुढे केला. लोयझा फसकन हसला, चहा नाकात गेला त्याच्या.

दुसऱ्या अर्धात ट्रेनर रेघेशी सपाता घालून उभा राहिला तेव्हा कठड्यावर पुन्हा आरोळी उठली, आणि मग पायांकडे बघून अर्ध्यातच विरली. "घरी निघालाय का अंघोळीला?" कोणीतरी ओरडलं. "बूट विकून टाकलेस का रे, विकिदाल?" रादिम ऐकत होता. त्याला आत इतकं दुखत होतं की दात आवळून धरावे लागले, आणि तरी पाय जमिनीवर होते, हेही खरं.

हिनेकने बाकाकडे बघायचं सोडलं. लगेच नाही, दोन-तीनदा सवयीने मान वळली, सपाता दिसल्या, मान परत गेली. मग हळूहळू तो बंबखान्यातला हिनेक दिसायला लागला, चेंडू यायच्या आधी पोचणारा. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला त्याला मधोमध चेंडू मिळाला. पुढे होर्काचे चार जण. रादिमला उजवीकडचा पास दिसला, तोच त्याने दिला असता. हिनेकने तो दिलाच नाही. त्याने दोघांच्या मधून, हातरुमालाएवढ्या फटीतून चेंडू सरकवला, जिथे कोणीच नव्हतं, आणि पुढच्या क्षणी तिथे आपला माणूस होता. गोल. एक-एक बरोबरी.

रादिमला हेवा वाटला. तो पास त्याला बावीस वर्षांत एकदाही दिसला नव्हता, पाय ताजे होते तेव्हासुद्धा नाही. आणि हेव्याच्या पाठोपाठ असा आनंद झाला, की तो कोणासाठी आणि कशाचा, हे त्याला कळेना. तो ओरडला नाही. बोहौशने त्याला मिठी मारली तेव्हा एक सपाता गवतात राहिली.

शेवटची शिट्टी झाली. पोदलेसित्से टिकलं. रिवाजाप्रमाणे संघ हातात हात घालून कठड्याशी गेला, गावाचे आभार मानायला. ट्रेनर त्या रांगेत जात नाही, ट्रेनर बाकाशीच थांबतो. रादिम तीन वर्षं त्या रांगेत होता. आज त्याला पहिल्यांदा सगळ्यांच्या पाठी दिसल्या. त्याने पाण्याच्या बाटल्या गोळा करायला घेतल्या.

हिनेक परत येताना त्याच्यापाशी थांबला. घामाने निथळत होता. रादिमला वाटलं, आता हा आभार मानणार, आणि तो "ठीक आहे, ठीक आहे" म्हणायच्या तयारीत होता.

"दोन वर्षं, ट्रेनर," हिनेक म्हणाला. "गुरुवारी मी तुम्हाला जिंकवत होतो आणि रविवारी तुम्ही मला बसवत होता."

"हो."

"तुम्हाला काय वाटलं, आज एकदा खेळवलंत म्हणून विसरीन मी?"

"नाही."

"बुधवारी ब्रेझिनीला शब्द दिलाय मी. सही करून आलोय."

रादिमच्या हातात चार बाटल्या होत्या. त्या खाली ठेवाव्यात की नाही हे त्याला सुचेना. खूप काही सांगता आलं असतं, तो दारावरचा कागद, ते गुडघे, गुरुवारची ती शिट्टी. "चूक माझी होती," तो म्हणाला. "तू माझ्यापेक्षा चांगला आहेस. निदान दीड वर्षापासून. मला दिसायला हवं होतं, ते माझं काम होतं. ब्रेझिनीला डाव्या बाजूला खेळवतील तुला, ऐकू नकोस. मध्येच खेळ."

हिनेक भांडायला आला होता बिचारा, आणि भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं. "बरं," म्हणाला आणि आत गेला.

बोहौशने सगळं ऐकलं होतं. "झालं," तो म्हणाला. "म्हणजे ऑगस्टमध्ये आठ नंबर पुन्हा तुलाच घालावा लागणार. बूट नीट ठेव."

"नाही."

"मग कोण?"

"शोधू. उद्यापासून शोधू. तू सगळ्या घरांत टपाल टाकायचास ना, कोणाकडे कोण आहे सांग मला."

बोहौशने त्याच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. "आता खरं बोलू का?" त्याने विचारलं.

"नको. आज नको."

ड्रेसिंगरूममधून हसण्याचा गदारोळ ऐकू येत होता. कोणीतरी बादली बडवत होतं, लोयझा गात होता. रादिमने दार ढकललं, आणि आत शांतता पसरली. वाईट नव्हती ती, आदराचीच होती. बादली थांबली, कोणीतरी पाय जवळ घेतले, कोणीतरी टॉवेल सारखा केला. दार उघडून ट्रेनर आत आला की होतं तेच झालं. बावीस वर्षं तो ह्या शांततेच्या आतल्या बाजूला बसला होता.

त्याची खुंटी लोयझा आणि हिनेक यांच्या मध्ये होती. तिथे त्याची पँट, सदरा, पिशवी लटकत होती. तिथवर जायचं म्हणजे सगळ्यांचे पाय ओलांडायचे होते. तो दारातच उभा राहिला.

लोयझा उठला. त्याने खुंटीवरचे कपडे काढले, नीट दुमडले, पिशवीवर ठेवले आणि आणून त्याच्या हातात दिले. "हे घ्या, ट्रेनर," तो म्हणाला.

शाळेपासूनचा लोयझा. रादिमने मान हलवली. "छान खेळलात," तो सगळ्यांना म्हणाला. "जुलैच्या पहिल्या मंगळवारी सहाला सराव."

त्याने दार ओढून घेतलं. आत क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग कोणीतरी काहीतरी पुटपुटलं, आणि हसण्याचा गदारोळ पुन्हा सुरू झाला. कपडे छातीशी धरून तो बोळात उभा राहिला, आणि मग कपडे बदलायला जागा शोधत रेफरीच्या खोलीकडे निघाला.